नव्या गाडीला ठोकर बसली: क्लेम करावा, खिशातून भरावं की तसंच ठेवावं?

मामांची गाडी जेमतेम चार महिन्यांची होती. चांदणी चौकात मागून टेम्पो येऊन धडकला. मागचा बंपर आत गेला, डिकीचा पत्रा एका कोपऱ्यात दबला. कुणाला खरचटलंही नाही, पण त्या रात्री मामा नीट जेवले नाहीत. सकाळी मला फोन करून विचारलं, "दुरुस्त करून उपयोग आहे का, की काढूनच टाकू?"

काढून टाकायचा विचार अशा वेळी मनात येतोच, पण त्याला आधार नाही. विम्याच्या नियमात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला तरच गाडी 'टोटल लॉस', म्हणजे पूर्ण निकामी, धरतात. दहा लाखांच्या नव्या गाडीची आयडीव्ही साधारण साडेनऊ लाख असते, म्हणजे खर्च सात लाखांच्या पुढे जायला हवा. बंपर आणि डिकीच्या मारात तो तिथवर जात नाही. आणि ठोकलेली गाडी तशीच विकायला काढलीत, तर घेणारा दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्तच भाव पाडतो. गाडी दुरुस्त करायचीच. ठरवायचं ते पैसे कुणी भरायचे आणि काम कुठे करायचं.

त्याआधी बंपर खोलून आत बघा; क्लेम करायची शक्यता असेल तर मात्र तो सर्व्हेअरसमोरच, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसासमोरच, खोलायचा. बंपर प्लास्टिकचा असतो, मार खाऊन बऱ्याचदा परत फुगून जागेवर येतो आणि बाहेरून फक्त ओरखडा दिसतो. त्याच्या आतली लोखंडी पट्टी मात्र वाकलेली असू शकते. समोरून ठोकली असेल तर एसीचा कंडेन्सर, रेडिएटरचा सपोर्ट आणि हेडलाइट अडकवायचे लग तपासून घ्या. पार्किंग सेन्सर किंवा रडार असेल तर ते सरळ बसलेत का, तेही बघा. एअरबॅगचा दिवा पेटून राहिला असेल, तर तो तपासल्याशिवाय गाडी चालवू नका. मामांना फोटोवरून सांगितलेला अंदाज होता 11,000 रुपये. बंपर उतरवल्यावर आतली पट्टी वाकलेली निघाली आणि अंदाज गेला 34,000 वर.

क्लेम की खिसा

"झिरो डेप आहे, मग क्लेम टाका की!" हा सल्ला सगळेच देतात. (झिरो डेप म्हणजे भाग जुने झाल्याचा घसारा क्लेममधून न कापणारं जादा कव्हर.) त्यात एनसीबीचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या 'नो क्लेम बोनस' सुटीचा, हिशोब कुणी धरत नाही. क्लेम न करता वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की ती शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) प्रीमियमचा याच्याशी संबंध नाही.

समजा, सूट धरण्याआधी ओन डॅमेजचा प्रीमियम 12,000 आहे आणि तो तेवढाच राहतो. ही तुमची पहिलीच गाडी असेल आणि पहिल्याच वर्षी क्लेम केलात, तर पुढच्या पाच नूतनीकरणांत अनुक्रमे 20, 5, 10, 10 आणि 5 टक्के सूट बुडते. बेरीज 50 टक्के, म्हणजे 6,000 रुपये. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे 1,000 रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात, त्यावरच्या गाडीला 2,000. म्हणजे सात-आठ हजारांच्या कामाला क्लेम करून हाती जवळपास काहीच उरत नाही.

मामांचं गणित वेगळं निघालं, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकून मामांनी तिची 50 टक्के सूट नव्या गाडीवर आणली होती. अशा माणसाने क्लेम केला की 50, 30, 25, 15, 5 अशी सूट जाते. बेरीज 125 टक्के, म्हणजे 15,000 रुपये. बिल 11,000 चं असतं तर क्लेम करणं हा सरळ तोटा होता. 34,000 ला मात्र तो करायलाच हवा होता, आणि आम्ही केला. एनसीबी सुरक्षित ठेवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर हे गणित आणखी बदलतं; पॉलिसी काढून बघा.

झिरो डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबरच्या भागांचे निम्मे पैसे तुमचे, काचेला मात्र घसारा नाही. पत्र्याला पहिले सहा महिने घसारा नाही, पुढच्या सहा महिन्यांत 5 टक्के. म्हणून बंपर आणि दिवे फुटले असतील तर झिरो डेपचा फायदा मोठा, नुसता पत्रा दबला असेल तर अगदी थोडा.

क्लेम करायचा असेल तर लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलायला सांगू नका. नेहमी क्रम हाच: क्लेम कळवायचा, सर्व्हेअरसमोर बंपर उतरवायचा. महिन्यापूर्वी पार्किंगमध्ये पडलेला ओरखडा याच क्लेममध्ये घुसवू नका. तो वेगळा अपघात धरला जातो, आणि खोटं सांगितल्याने खरा क्लेमही अडकतो.

सर्व्हिस सेंटर की ओळखीचं गॅरेज

क्लेम असेल तर कॅशलेस (विमा कंपनी थेट बिल भरते असं) सर्व्हिस सेंटर, यावर फार विचार करायचं कारण नाही. खिशातून भरत असाल तर कामाकडे बघा. रंग न उडता पडलेला पोचा आतून दाबून, रंगाला हात न लावता काढता येतो. कंपनीचा मूळ रंग जितका वाचेल तितका वाचवावा, असं माझं ठाम मत आहे. गाडी विकताना घेणारा मीटर लावून रंगाची जाडी मोजतो आणि पुट्टी लगेच पकडतो. मेटॅलिक किंवा पर्ल रंग असेल तर रंग मारायला बंद बूथ असलेल्याकडेच जा; उघड्यावर मारलेला रंग उन्हात वेगळा दिसतो. वॉरंटीतल्या गाडीचे सेन्सर, वायरिंग किंवा एअरबॅग यांना मात्र बाहेरच्या गॅरेजमध्ये हात लावू देऊ नका. काम कुठेही करा, बिल जपून ठेवा.

आता की नंतर

बंपरवर नुसता ओरखडा असेल तर घाई नको. प्लास्टिक गंजत नाही, आणि शहरात पहिल्या वर्षी दुसरा ओरखडा येतोच. दोन्ही एकदम रंगवून घ्या. पत्र्यावरचा रंग उडून आतलं लोखंड दिसत असेल तर मात्र थांबू नका. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल, तर पाऊस सुरू व्हायच्या आत प्रायमर आणि रंग झालाच पाहिजे, मग ते पैसे खिशातून गेले तरी चालतील.