रेशमावर छापलेले रोटेनबुर्ग, ३० युरोंना

म्युनिकच्या मारियाहिल्फप्लाट्झवर वर्षातून तीनदा भरणाऱ्या आउअर डुल्ट या जत्रेत भांडीकुंडी आणि पाळण्यांच्या जोडीला जुन्या वस्तूंचेही गाळे लागतात. तेथे एका गाळ्यावर बरीच घासाघीस करून मी रेशमावर छापलेले एक जुने एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून त्यावरून काढलेला छाप) ३० युरोंना घेतले.

चित्र बव्हेरियातल्या रोटेनबुर्ग या जुन्या गावातील प्लोनलाइन नावाच्या छोट्या चौकाचे आहे : मधोमध अरुंद घर, डावीकडे सीबर्सटुर्म हा बुरूज आणि उजवीकडे उतारावर कोबोल्झेलर दरवाजा. ही डावी-उजवी बाजू मी मुद्दाम ताडून पाहिली, कारण तांब्याच्या पत्र्यावर सुईने काढलेले चित्र छापताना उलटे उमटते. अमेरिकन चित्रकार व्हिसलरने व्हेनिसची दृश्ये थेट पत्र्यावर रेखाटली, त्यामुळे त्याच्या छापांतील व्हेनिस आरशात पाहिल्यासारखे दिसते. आमच्या अनामिक चित्रकाराने मात्र आधीच उलटे रेखाटण्याचे कष्ट घेतलेले आहेत.

भिंगातून पाहिले असता आम्लाने खाल्लेल्या रेषांमधली शाई रेशमावर किंचित उंच बसलेली दिसते आणि कौलांच्या बारीक रेघा धाग्याधाग्याशी अडखळतात. कागदावर पत्र्याच्या कडेचा जो ठसठशीत दाब उमटतो, तो येथे बोटाला जाणवतही नाही. त्याची भरपाई आकाश करते : बाजूने उजेड पडला की कोरी जागा अशी काही झळकते की कागदावरचा छाप तिच्यापुढे कोरडा वाटावा.

विक्रेत्याने ‘उत्तम स्थिती’ म्हटले होते, ते मात्र खरे नव्हते. घरी चौकट उघडली तेव्हा रेशीम तपकिरी, ठिसूळ पुठ्ठ्यावर डकवलेले निघाले आणि वरची कड घडीवर विरलेल्या शालूसारखी दोन सेंटिमीटर फाटलेली होती. त्या काळी रेशमाला वजन यावे म्हणून कथिलाचे क्षार चढवत असत. असे रेशीम पुढे आपोआप तडकते, आणि उन्हात तर फारच लवकर.

त्याच गाळ्यावरून १५ युरोंना घेतलेले कोलोन कॅथीड्रल तर एचिंग नव्हतेच. भिंगाखाली १५७ मीटरचे दोन्ही मनोरे निव्वळ ठिपक्यांचे निघाले, म्हणजे ती यंत्रावर छापलेली नक्कल होती. भिंग घरी विसरलो ही चूक माझी, पण ते परत घ्यायला साफ नकार देणे विक्रेत्याला शोभले नाही. रोटेनबुर्ग आता आम्लरहित पुठ्ठ्यावर, ऊन न येणाऱ्या बोळात टांगले आहे. त्या नव्या चौकटीला चित्राहून अधिक पैसे पडले.