तोडलेल्या रानातला प्लॉट आणि विकत मिळणारा ‘पर्यावरण दाखला’

गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून सिंधुदुर्गातल्या बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यात जमिनीचा एक व्यवहार ठरावीक पद्धतीनं होतो आणि त्यात पुण्या-मुंबईची शिकलेली माणसं अडकतात. उतारावरचं खाजगी रान आधी लाकूड ठेकेदाराला जातं. तो सोट काढून नेतो, जळाऊ लाकूड वेगळं जातं. मग जेसीबी येतो, खुंट उपटतो, लाल मातीचे टप्पे पाडतो. पुढच्या उन्हाळ्यात तिथं चुना मारलेले दगड दिसतात आणि जाहिरात येते: दहा गुंठ्यांचे बंगलो प्लॉट, रिकामा माळ, पर्यावरण क्लिअरन्ससह.

फसवणूक या शेवटच्या दोन शब्दांत आहे.

दहा गुंठ्यांवर एक घर बांधायला पर्यावरण मंजुरी लागतच नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे ती लागते २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला. नगरवसाहतीसाठी मर्यादा ५० हेक्टर क्षेत्राची किंवा १,५०,००० चौरस मीटर बांधकामाची आहे. दीड-दोन हजार चौरस फुटांच्या घराला जी मंजुरी अस्तित्वातच नाही, तिचा रंगीत शिक्का मारलेला कागद ‘फाइल’मध्ये ठेवलेला असतो आणि त्याचे पैसे वेगळे मोजून घेतलेले असतात. कागदावर सल्लागाराचं नाव, झाडांच्या दहा-बारा जातींची यादी, ‘प्रकल्पाचा पर्यावरणावर विपरीत परिणाम होणार नाही’ असं एक वाक्य. खरी मंजुरी असती तर तिचा प्रस्ताव क्रमांक केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर सापडला असता. क्रमांक मागा. ‘ते ऑफलाइन झालं’ असं उत्तर आलं की उठायला हरकत नाही.

पण खोटा दाखला हा या धंद्यातला लहान भाग. मोठा भाग असा की त्या दाखल्यामुळं घेणाऱ्याचा समज होतो, की पर्यावरणाची बाजू तपासून झाली. जी बाजू तपासायला हवी होती तिच्याकडं मग कोणी बघतच नाही: झाडं तुटण्याआधी ही जमीन कायद्यानं काय होती? रान तोडलं म्हणून जमिनीचा वन-दर्जा जात नाही. वन (संरक्षण) अधिनियम १९८० (२०२३ पासून त्याचं नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम) खाली वनजमिनीचा वनेतर वापर करायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. तलाठी, सरपंच, तहसीलदार यांच्यापैकी कोणाच्याही सहीनं ते काम होत नाही.

आता ‘वनजमीन’ म्हणजे काय, इथं खरी मेख आहे. विकणारा वनविभागाचं एक पत्र दाखवतो: ‘सदर गट राखीव वनात समाविष्ट नाही.’ पत्र अस्सल असतं, मजकूरही खरा असतो. कारण अर्जात तेवढंच विचारलेलं असतं. राखीव वनाखेरीज आणखी निदान तीन दारं आहेत आणि तिन्ही या पत्राच्या बाहेर राहतात.

पहिलं, महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५. ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी खाजगी वनं शासनाकडं निहित, म्हणजे शासनाच्या मालकीची झाली. त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ३५(३) च्या, म्हणजे रानावर बंधनं का घालू नयेत असं मालकाला विचारणाऱ्या नोटिसा आहेत, त्यातल्या कित्येक पन्नास-साठच्या दशकातल्या. त्या काढल्या गेल्या जुन्या सर्व्हे नंबरांवर. नंतर एकत्रीकरणात गट नंबर पडले. आजच्या गट नंबरानं शोध घेतला की काही सापडत नाही आणि ‘क्लिअर आहे’ असं सांगता येतं. विकणारा थोडा वाचलेला असला तर २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदरेज निकाल पुढं करतो. त्या निकालाचा आशय एवढाच की नोटीस नुसती काढली, बजावली नाही आणि पुढची कार्यवाही केली नाही, तर तेवढ्यानं जमीन खाजगी वन ठरत नाही. तुमच्या गटाची नोटीस बजावली होती की नाही हे प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे ठरतं. ती लढाई मालकानं लढून, नोंद कमी करून, मग जमीन विकायला काढावी. अर्धवट भांडण तुम्ही विकत घेण्याचं कारण नाही. याच कायद्याच्या कलम २२अ खाली लहान खातेदारांना जमिनी परत मिळालेल्या आहेत. ‘२२अ झालेलं आहे’ म्हणजे वनाचं बंधन सुटलं, असं गृहीत धरू नका. तेही लेखी विचारायचं.

दुसरं दार वनसंज्ञेचं. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थानं जे वन आहे त्याला १९८० चा कायदा लागू. त्यानंतर राज्यांनी अशा क्षेत्रांच्या याद्या केल्या. सिंधुदुर्गात या यादीत लोकांच्या मालकीच्या, वहिवाटीच्या जमिनीही आल्या आणि हा जिल्ह्यातला जुना, धुमसता प्रश्न आहे. वाईट भाग असा की यादीत असलेल्या प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यावर तशी नोंद असेलच याची खात्री धरता येत नाही. १९८० च्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘आता सगळं सुटलं’ असं सांगणारे दलाल भेटतात. १९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन १९९६ ची व्याख्याच तूर्त चालू ठेवायला सांगितली आहे.

तिसरं, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. इथं खोटं उलट दिशेनं बोललं जातं. पश्चिम घाटातल्या अशा क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा ३१ जुलै २०२४ ला सहाव्यांदा निघाला, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. ‘अंतिम झालं की बांधकाम कायमचं बंद, आत्ताच उरकून घ्या’ अशी घाई लावतात. मसुद्यात बंदी आहे ती २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांवर. एकट्या घराला केवळ त्या मसुद्यानं मनाई होत नाही. घाई करण्याचं कारण विकणाऱ्याकडं आहे, तुमच्याकडं नाही. सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव भ्रमणमार्गाचं मात्र गांभीर्यानं घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानं दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीवर बंदी आली आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं या पट्ट्यातल्या २५ गावांबाबत संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेची कार्यवाही चार महिन्यांत करायला सांगितलं. त्यामुळं दोडामार्गातल्या गटाचा २०१३ नंतरचा तोड परवाना कोणी दाखवला, तर तो परवानाच आधी वनविभागाकडून पडताळून घ्या.

परवान्याबद्दल थोडं अधिक, कारण फाइलमधला सर्वात वजनदार कागद म्हणून तोच पुढं केला जातो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ खालची परवानगी ठरावीक गटातल्या ठरावीक झाडांसाठी असते. साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा अशा अनुसूचित जाती, त्यांची संख्या, मुदत आणि बहुधा नव्या लागवडीची अट. जमीन घरासाठी वापरता येईल असं त्यात कुठंही नसतं. उलट लागवडीची अट पुरी झालेली नसेल, तर तुमचा जोत्याचा खड्डा त्या अटीच्या आड येतो. परवान्यातला आकडा आणि जमिनीवरचे खुंट मोजून बघा. परवाना चाळीस झाडांचा आणि खुंट दीडशे, असं निघालं तर वनगुन्हा दाखल झालेला आहे किंवा व्हायचा आहे. खुंट एकही दिसत नसेल तर ते उपटून गाडले आहेत, तेही शोधायला हवं.

आता वकिलाचा ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींचा शोध. बँकेला, सोसायटीच्या फ्लॅटला तो पुरतो. इथं नाही. आज ३० वर्षं मागं गेलात तर नव्वदीच्या दशकात थांबाल आणि ज्या तारखेवर सगळं अवलंबून आहे ती १९७५ ची. म्हणून वकिलाला स्पष्ट सांगा: १९५० पासूनचे हस्तलिखित सातबारे, सगळे फेरफार, एकत्रीकरणाचं जुना सर्व्हे-नवा गट असं तुलनात्मक पत्रक. ‘आपले अभिलेख’वर स्कॅन केलेलं बरंच मिळतं, उरलेलं तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेनं. बघायचं काय? इतर हक्कातले शेरे: ‘खाजगी वन’, ‘महाराष्ट्र शासन’, ‘वने’, आणि कंस मारून कमी केलेल्या नोंदी. कंस मारला असेल तर कोणत्या फेरफारानं आणि कोणाच्या आदेशानं, हे मूळ आदेश हातात घेऊन वाचा. नमुना बाराच्या पीकपाहणीत वर्षानुवर्षं ‘झाडी’, ‘जंगल’ किंवा नुसतं ‘गवत’ आहे का? आजचा ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो स्वच्छ असू शकतो. त्यावर विसंबूनच लोक लाखांचा विसार देतात.

वनविभागाकडं अर्ज स्वतःच्या नावानं करा. दलालानं आणलेलं पत्र हे दलालानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. अर्ज उपवनसंरक्षकांकडं, सोबत जुना सर्व्हे नंबर आणि गट नंबर दोन्ही, गटाचा नकाशा, चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश. प्रश्न असे: या क्षेत्रावर राखीव किंवा संरक्षित वन आहे का, कलम ३५ ची नोटीस निघाली होती का आणि बजावल्याची नोंद आहे का, १९७५ च्या कायद्यानं संपादन झालं आहे का वा २२अ खाली जमीन परत दिली आहे का, वनसंज्ञेच्या यादीत आहे का, भ्रमणमार्ग किंवा अभयारण्याच्या संवेदनशील क्षेत्रात येतं का, तोडीची परवानगी कोणत्या क्रमांकानं, किती झाडांना दिली, वनगुन्हा नोंद आहे का. साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो, म्हणून वनदर्जा आणि वृक्षतोड यांचे दोन वेगळे अर्ज टाका. एकात कोंबलं की तांत्रिक कारण देऊन परत येतं.

या उत्तराआधी विसार द्यायचाच झाला तर साठेखतात कलम घाला, की वनविभागाच्या लेखी उत्तरात वरीलपैकी काहीही निघालं किंवा बांधकाम परवानगी वनाच्या कारणानं नाकारली, तर पूर्ण रक्कम ३० दिवसांत परत. रक्कम बँकेतूनच. हे कलम वाचून विकणाऱ्याचा आवाज बदलतो की नाही, एवढ्यावरही बरंच कळतं. दुय्यम निबंधकाकडं दस्त नोंदला म्हणजे सगळं तपासलं गेलं, हा गैरसमज अजून जिवंत आहे. तिथं दस्त नोंदतात, मालकी आणि वनदर्जा ठरवत नाहीत. प्लॉटिंगची योजना ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक विचारा. बरेचदा उत्तर येतं ‘ही शेतजमीन आहे, आपण सामायिक हिस्सा देतोय’. म्हणजे दगड लावलेला तुकडा तुमच्या नावावर होणारच नाही. आणखी एकोणीसजणांबरोबर एका सातबाऱ्यावर नाव लागेल आणि बांधकाम परवानगीला बाकीच्या एकोणीसांच्या सह्या लागतील. शिवाय शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणारी तुकडेबंदी आहेच, आणि शेतकरी नसाल तर शेतजमीन घ्यायला आडवं येणारं कूळ कायद्याचं कलम ६३.

कागद सगळे सुटले तरी जमीन बघायची राहते, आणि तोडलेल्या उतारावर ती पावसाळ्यात बघावी. झाड तोडलं तरी मुळं दोन-तीन वर्षं माती धरून ठेवतात. मग ती कुजतात आणि पकड सुटते. म्हणून तोडीनंतर लगेचचा पावसाळा सुखरूप गेला याला काही अर्थ नाही; धोका त्यानंतरच्या वर्षांत वाढतो. जेसीबीनं गाडलेले खुंट आणि फांद्या भरावाखाली कुजून पोकळी होते, जोतं एका कोपऱ्यात बसतं आणि वाळवीला आयतं खाद्य मिळतं. जोत्याच्या चारी कोपऱ्यांवर दीड-दोन मीटर खोल चाचणी खड्डे घ्या. लाकूड, पाला किंवा मोकळी मिश्र माती लागली तर तो भराव आहे, मूळ जमीन नाही; पाया जांभ्या दगडापर्यंत न्यावा लागेल आणि तो खर्च प्लॉटच्या दराइतकाही होऊ शकतो. गवंड्याच्या लेव्हल पाइपनं उतार मोजा: पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ म्हणजे १:५. त्याहून तीव्र उतारावर राज्याच्या बांधकामांसाठीच्या एकत्रिकृत नियमावलीत बांधकामाला मनाई आहे. मोजणी जेसीबीनं पाडलेल्या टप्प्यावर करून दाखवतील. तुम्ही शेजारच्या न छेडलेल्या रानात करा. गाव नकाशावरचा वहाळ (ओढा) जागेवर दिसत नसेल तर तो बुजवलेला आहे, आणि जूनमध्ये तो आपल्या वाटेनं परत येतो. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं लावली की रान केव्हा तुटलं आणि वहाळ केव्हा बुजला, दोन्ही दिसतं. ती तारखेसकट छापून ठेवा.

पैसे गेलेच असतील तर दलालाच्या ‘दोन महिन्यांत करून देतो’वर वर्ष घालवू नका. खरेदीखत रद्द करण्याच्या दाव्याची मुदत खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षं आहे, आणि वनविभागाच्या उत्तराची तारीख बहुधा कळल्याची तारीख म्हणून पुढं येते. दिवाणी दाव्यासोबत पोलिसांत तक्रार: १ जुलै २०२४ पासूनच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), त्याआधीच्या व्यवहाराला भारतीय दंड संहितेचं ४२०. खोटा पर्यावरण दाखला दिला असेल तर बनावट दस्तऐवजाची कलमं वेगळी लागतात, म्हणून तो कागद मूळ स्वरूपात जपा आणि त्याबद्दलचे व्हॉट्सअॅप संदेश पुसू नका. जमिनीवर स्वतः एकही झाड तोडू नका, कुंपणासाठीसुद्धा. नाव आता तुमचं आहे, आणि नवा खुंट दिसला तर आधीच्या तोडीचाही हिशेब तुमच्याकडंच मागितला जाईल.