इमॅजिका, खोपोली : नागपूरवाल्यांनी निघायच्या आधी पोट्ट्यांची उंची मोजून घ्या

आपल्या नागपुरात इमॅजिका म्हणजे मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांच्या स्टेटसवर पाहायची गोष्ट, बाजारगावचं फन अँड फूड झालं आणि रमण सायन्सचे डायनोसॉर पाहून झाले की पोट्ट्यांचं मन भरते असं आपण धरून चालतो. पण आता समृद्धी पूर्ण झाला ना, शिवमडक्याला चढा आणि 701 किलोमीटर सरळ आमण्याला उतरा, पुढे पनवेल करत खोपोली. मग दिवाळीच्या सुट्टीत काढलीच गाडी, सासूबाईंना घेऊन.

सगळ्यात पहिले कामाची गोष्ट. थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क ही तिन्ही प्रकरणं वेगवेगळी आहेत, तिकिटं पण वेगवेगळी, त्यामुळे बुकिंग करताना नीट वाचा. आम्ही फक्त थीम पार्क घेतला आणि तोच दिवसभर पुरून उरला.

आता उंचीचं. प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते आणि तुमचा दिवस कसा जाईल ते तीच पट्टी ठरवते. आमचा लहाना तिसरीत. घरी दाराच्या चौकटीला उभं करून, पेन्सिलची खूण करून आम्ही त्याला सांगून ठेवलं होतं की बाबू, मोठ्या राइड तुला नाही भेटणार. तरी तिथं गेल्यावर साहेब मान ताणून, टाचा हळूच वर करून उभे! तिथल्या पोरानं काही न बोलता दोन बोटं त्याच्या खांद्यावर ठेवली, टाचा खाली टेकल्या, विषय संपला. रडला थोडा, पण आधीपासून माहीत होतं म्हणून निभावलं, शेजारच्या लाइनीत एका फॅमिलीचा जो तमाशा सुरू होता ना, बाप्पा!

म्हणून आम्ही सरळ दोन पार्ट्या केल्या. हे आणि मोठी पोरगी नायट्रोला, मी, लहाना आणि सासूबाई बाकीच्यांना. नायट्रो म्हणजे तिथला सगळ्यात डेंजर रोलर कोस्टर, फ्लोअरलेस आहे, म्हणजे तुम्ही बसले की पायाखालची फळी सरकते आणि पाय लोंबकळतच राहतात. पोरगी सांगत होती की वर चढेपर्यंत पप्पा ऑफिसचं काहीतरी बोलून राहिले होते, पहिल्या उताराला जे गप्प झाले ते खाली उतरून पाणी पिल्यावरच बोलले. ती लगेच परत लाइनीत. अंधारातला डीप स्पेस पण तिला आवडला, पण नायट्रोपुढे काहीच नाही म्हणे.

इकडे आमच्या पार्टीचं पण काही वाईट नव्हतं. अलीबाबाच्या राइडमध्ये हातात बंदूक देतात, गाडी फिरत राहते आणि तुम्ही निशाणे मारायचे, शेवटी स्कोअर दिसतो. लहान्यानं मला असं हरवलं की नायट्रोचं दुःख तिथंच विसरला. मग राजासॉरस. बोटीतून जायचं, डायनोसॉर अंगावर येतात, भिजायला होते, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत टाका. आणि हे नाव पार्कवाल्यांनी मनानं ठेवलेलं नाही बरं का, राजासॉरस खरंच आपल्या देशातला मांसाहारी डायनोसॉर, गुजरातेत रहियोलीजवळ हाडं सापडली आणि 2003 मध्ये त्याला हे नाव भेटलं. आपल्या वरोऱ्याजवळ पिजदुऱ्याला तर डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले सापडले आहेत, हे लहान्याला सांगितलं तर पूर्ण लाइनभर "शेण, शेण" करत होता, लोकं पाहून राहिले होते आमच्याकडं.

पण मला विचाराल तर पैसे वसूल झाले ते आय फॉर इंडियात. खुर्च्या समोर सरकतात, समोर भला मोठा गोल पडदा आणि भारतभर उडत चाललोय असं वाटते. सासूबाई सकाळपासून "मी बसते बेंचवर, तुम्ही जा" करून राहिल्या होत्या. इथं माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलंच नाही, बांगड्यांचे वळ उठले माझ्या हातावर. बाहेर आल्यावर म्हणतात कशा, "बसल्या जागी एवढं सगळं दिसते, तर मग चारधामच्या टूरला पैसे कशाला घालवता?" झालं, हे लगेच खूश.

सलीमगढ भुताचं आहे, लहान्यांना नेऊ नका.

गर्दीचं म्हणाल तर सुट्टीत लाइन लागणारच, गेट उघडायच्या वेळेला पोचा आणि मोठ्या राइड सकाळीच उरका. जास्त पैसे देऊन एक्सप्रेस तिकीट भेटते, एवढ्या लांबून जाणाऱ्यानं त्याचा विचार करावा असं माझं मत. खाणं बाहेरचं आत चालत नाही, आमच्या शेव-चिवड्याचा डबा गाडीतच राहिला. आत ऑप्शन बरेच आहेत पण थीम पार्कात खायचं म्हणजे खिसा ढिला ठेवूनच जायचं, तर्रीपोह्याच्या भावाशी तुलना करत बसाल तर घास उतरणार नाही. आणि आपल्याला 45 डिग्रीची सवय आहे म्हणून उगाच शान मारू नका, तिकडची दमट हवा वेगळी, कॉटनचे कपडे घाला आणि नवे बूट तर बिलकुल नको.

राहायला आम्ही जवळच एक हॉटेल घेतलं होतं, नाव घेत नाही, फोटोत डोंगर होता आणि खिडकी उघडली तर शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. ते पार्काच्या स्टारमध्ये धरलेलं नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो लहान्याच्या वतीनं, तो तर दोनच देत होता.

एक राहिलंच, संध्याकाळची परेड पाहूनच निघा, पण त्याच रात्री नागपूरची गाडी काढू नका. समृद्धी इतका सरळ आहे की ताज्या माणसाला पण झापड येते, इथं तर दिवसभर उन्हात पाय तुटलेले असतात.