पोटमाळ्यासाठी काय घ्यावं: ग्लासवूल, सेल्युलोज की फोम?

दुकानात जायच्या आधी एवढं ठरवा: पोटमाळा वापरात येणार की रिकामाच राहणार? रिकामा राहणार असेल तर उष्णतारोधक थर खाली, तुळयांच्या मध्ये पसरतात. वर खोली करायची असेल तर तोच थर वाशांमध्ये, छताच्या उतारालगत जातो. निम्मी निवड इथेच होऊन जाते.

खाली पसरायला ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची गुंडाळी, स्वस्त, पण बसवणाऱ्याचा हात चांगला हवा. उष्णता अडवते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. गुंडाळी कोंबून बसवली की हवाच निघून जाते आणि थराचा उपयोग घटतो. वायरी, पाइप आडवे आले की कडेला फटी राहतात. शिवाय अंगाला खाज सुटते ती वेगळीच. मास्क आणि हातमोजे हवेतच.

सेल्युलोज म्हणजे बोरेट (आग आणि कीड रोखणारा क्षार) मिसळलेला रद्दी कागदाचा भुगा. मशीनने फुंकला की तो कानाकोपऱ्यात शिरतो, त्यामुळे वेड्यावाकड्या जागेला मी तोच घेईन. कालांतराने मात्र थर खाली बसतो, म्हणून सुरुवातीलाच जास्त टाकायचा. छत गळत असेल तर तो ओल धरून ठेवतो, तेव्हा आधी गळती काढा.

रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेले तंतू, जड आणि महाग, पण 1000 अंश सेल्सिअसच्या आसपासही वितळत नाही. धुराड्याजवळ दुसरा विचारच नको.

वाशांमध्ये जागा कमी पडते आणि तिथे बंद पेशींचा (बारीक बंद बुडबुड्यांचा, फवारून बसवायचा) स्प्रे फोम उजवा ठरतो. ग्लासवूलच्या 20 सेंमी थराचं काम तो साधारण 12-13 सेंमीत करतो, वर हवेची गळतीही रोखतो. पण तो जळतो, म्हणून खोलीच्या बाजूने जिप्सम बोर्ड लावावाच लागतो. फवारणी चालू असताना घरात थांबायचं नाही, आणि एकदा चिकटला की काढणं महाकठीण. थर्माकोलचे बोर्ड त्याहून स्वस्त, पण जळतात तेही, आणि सांधे नीट टेप केले नाहीत तर पैसे वाया.

चकचकीत फॉइल उन्हाचा ताप परतवते, तेही समोर हवेची पोकळी असेल तरच. ती जोडीला ठीक, थराऐवजी नाही.

काहीही घेतलं तरी आधी पोटमाळ्याच्या दरवाजाच्या फटी आणि वायरींची भोकं बुजवा. जुन्या घरात दाणेदार व्हर्मिक्युलाइट (फुगवलेलं खनिज) पसरलेलं दिसलं तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासावाटे आत गेल्यास घातक असलेले खनिज तंतू) असू शकतं. तपासणी होईपर्यंत ते हलवू नका.