इंग्लंडची शिक्षक-नोंद तपासणी सेवा : सहा वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

इंग्लंडमधील एका प्राथमिक शाळेच्या कार्यालयात मी सहा वर्षे काम करते आहे, आणि त्याआधी चौदा वर्षे महाराष्ट्रातील एका खासगी अनुदानित शाळेत शिकवत होते. त्यामुळे ज्या सेवेविषयी येथे लिहिते आहे ती मी रोजच्या कामात वापरलेली आहे, आणि अशी सेवा नसते तेथे काय घडते तेही पाहिले आहे. ‘शिक्षकाची नोंद तपासा’ अशा सरळ नावाची ही सेवा इंग्लंडचे शिक्षण खाते शाळांना मोफत पुरवते. तिच्यामागे शिक्षकांच्या गंभीर गैरवर्तनाची प्रकरणे चालवणारी टीचिंग रेग्युलेशन एजन्सी आहे. मधल्या काळात संकेतस्थळाचे नाव आणि रूप बदलले, काम मात्र तेच राहिले. गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन देईन. दीड गुण कशासाठी कापला ते ओघात येईलच.

वापराच्या दृष्टीने तक्रारीला जागा नाही. नव्या शिक्षकाची निवड झाली की शाळेच्या खात्यातून आत जायचे, आडनाव आणि जन्मतारीख किंवा शिक्षकाचा सातअंकी क्रमांक टाकायचा, आणि समोर पात्रता, उमेदवारीचा काळ पूर्ण झाला की नाही आणि मनाई किंवा निर्बंध असल्यास त्यांची नोंद येते. दोन-तीन मिनिटांचे काम आहे. त्यानंतर शाळेच्या एकत्रित नोंदवहीत ‘शिकवण्यास मनाई नाही’ या रकान्यात तारीख आणि माझी आद्याक्षरे पडतात. तपासणीला येणारे अधिकारी ही वही आधी मागतात, आणि एखादा रकाना रिकामा दिसला तर मुख्याध्यापिकाबाईंना त्याचे उत्तर द्यावे लागते.

या सेवेमागे असलेल्या मनाईच्या यादीचे स्वरूप समजून घेतले नाही तर तिच्याकडून नको ती अपेक्षा होते. इंग्लंडमध्ये २००० सालापासून शिक्षकांची एक नोंदणी परिषद होती. ती मार्च २०१२ अखेर बंद करण्यात आली. स्कॉटलंडमध्ये अशी परिषद १९६५ पासून आहे आणि तेथे सरकारी शाळेत शिकवायचे तर तिच्या नोंदवहीत नाव असावे लागते. इंग्लंडने सक्तीची नोंदवही सोडली आणि शिकवण्यापासून अडवणारी अशी फक्त मनाईची यादी ठेवली. म्हणजे एखाद्याचे नाव यादीत नाही याचा अर्थ तो चांगला शिक्षक आहे असा होत नाही, त्याला अजून कोणी मनाई केलेली नाही एवढाच होतो. हा फरक नव्या सहकाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण पडद्यावर ‘कोणतेही निर्बंध नाहीत’ ही ओळ दिसली की माणूस निर्धास्त होतो आणि आधीच्या शाळेला फोन करून विचारपूस करण्याचा कंटाळा करतो.

आता या सेवेचा गाभा, म्हणजे ज्या शिक्षकाला न्यायालयाने गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवले आहे त्याच्या पेशाचे पुढे काय होते, हा भाग. कायद्यात कारवाईची तीन कारणे दिलेली आहेत: पेशाला न शोभणारे अस्वीकारार्ह वर्तन, पेशाची बदनामी करू शकेल असे वर्तन आणि कोणत्याही काळी झालेली संबंधित गुन्ह्यातील दोषसिद्धी. प्रकरण तीन जणांच्या पॅनेलपुढे जाते; त्यात किमान एक जण शिक्षक आणि किमान एक जण पेशाबाहेरचा असावा लागतो. दोषसिद्धीच्या प्रकरणात न्यायालयाचे प्रमाणपत्र हाच पुरावा मानला जातो आणि खटला पुन्हा चालवला जात नाही, ही मला या पद्धतीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. ‘मी ते केलेच नव्हते’ असे म्हणायची जागा फौजदारी न्यायालय आणि त्यावरचे अपील ही आहे. पॅनेलपुढे प्रश्न उरतात ते दोनच: हा गुन्हा शिक्षकाच्या योग्यतेशी संबंधित आहे का, आणि असल्यास मनाई हे त्या मानाने योग्य पाऊल ठरेल का.

पॅनेल फक्त शिफारस करते. अंतिम निर्णय शिक्षणमंत्र्यांच्या वतीने एक वरिष्ठ अधिकारी घेतो, आणि तो शिफारशीपेक्षा वेगळाही असू शकतो. मनाईचा आदेश मुदतीचा नसतो, तो आयुष्यभराचा असतो. काही प्रकरणांत किमान दोन वर्षांनंतर तो रद्द करण्यासाठी अर्ज करण्याची सोय ठेवली जाते. बालकांवरील लैंगिक अत्याचार किंवा बालकांची अश्लील चित्रे बाळगणे यांसारख्या गुन्ह्यांत मात्र अशी सोय न ठेवण्याकडेच मार्गदर्शक सूचनांचा कल आहे. आदेश हाती पडल्यापासून २८ दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

हे निर्णय सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, आणि ते वाचण्याची सवय मला या नोकरीने लावली. प्रत्येक निर्णयाचा साचा एकच असतो. आधी आरोप, मग कागदपत्रांची यादी, मग निष्कर्ष, मग शिफारस आणि शेवटी मंत्र्यांच्या वतीने दिलेला निर्णय. शिक्षकाचे नाव पूर्ण छापतात. मुले मात्र ‘विद्यार्थी अ’, ‘विद्यार्थी ब’ एवढीच राहतात. सुरुवातीला ही भाषा मला कोरडी वाटली. पुढे लक्षात आले की कोरडेपणातच तिचे बळ आहे. गुन्ह्याचे वर्णन आवश्यक तेवढ्याच शब्दांत येते; मग शिक्षकाच्या बाजूने काय सांगता येईल तेही नोंदवले जाते, म्हणजे आधीची निष्कलंक सेवा, पश्चात्ताप किंवा त्या वेळचे आजारपण; आणि त्यानंतर त्याच्या दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांचे संरक्षण, लोकांचा पेशावरचा विश्वास आणि वर्तनाचे मापदंड टिकवण्याची गरज ठेवून तोलले जाते. एखाद्या निर्णयात ‘तो चांगला शिक्षक होता यात शंका नाही’ अशा अर्थाचे वाक्य येते आणि पुढच्याच परिच्छेदात त्याला कायमची मनाई होते. महाराष्ट्रातील निम्म्या संस्थाचालकांनी या दोन परिच्छेदांचा क्रम समजून घ्यावा असे मला वाटते, कारण आपल्याकडे ‘शिकवतो फार छान’ या एका वाक्यावर किती तरी प्रकरणे मिटवली गेलेली मी ऐकली आहेत.

येथे महाराष्ट्राचा विषय निघणे अपरिहार्य आहे. आमच्या शाळेला लागू असलेला खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा कायदा १९७७ चा आणि त्याखालील नियम १९८१ चे. त्यात गैरवर्तन आणि नैतिक अधःपतन यांसाठी सेवेतून काढून टाकण्याची तरतूद आहे, तीन सदस्यांची चौकशी समिती आहे, आणि त्या समितीत संस्थेचा एक, कर्मचाऱ्याने सुचवलेला एक आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून एक, अशी मोठी समतोल रचना आहे. निर्णय मान्य नसेल तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शासकीय सेवकाच्या बाबतीत तर राज्यघटनेच्या कलम ३११ मधील परंतुकामुळे फौजदारी दोषसिद्धीनंतर वेगळी विभागीय चौकशी करावी लागत नाही, आणि अपील प्रलंबित आहे म्हणून बडतर्फीसाठी थांबण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा आपल्याकडे कायदा नाही असे कोणी म्हणू नये.

उणीव वेगळीच आहे. आपल्याकडची सगळी कारवाई एक मालक आणि एक नोकर यांच्यातील आहे. तिने नोकरी जाते, पेशा जात नाही. शासकीय नियमांत ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फी’ असे दोन शब्द आहेत. पहिल्याने पुन्हा शासकीय नोकरी मिळण्यास बाध येत नाही, दुसऱ्याने सामान्यतः येतो. पण बडतर्फ झालेल्यालाही विनाअनुदानित खासगी शाळेच्या वर्गात जाण्यापासून त्या आदेशाने अडवता येत नाही. मी शिकवत असताना जवळच्या एका संस्थेतील शिक्षक विद्यार्थ्याला गंभीर दुखापत केल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि संस्थेने त्याला रीतसर काढून टाकले. तीन वर्षांनी आम्ही काही शिक्षिका दुसऱ्या जिल्ह्यात विज्ञान प्रदर्शनासाठी गेलो, तेव्हा एका नव्या इंग्रजी शाळेच्या मुलांची रांग सांभाळत तोच उभा होता. आम्हाला पाहून त्याने नमस्कार केला. त्या शाळेने काही लपवले होते असेही नाही. विचारायचे तर कोणाला, हेच तिला ठाऊक नव्हते. २०२० च्या पोक्सो नियमांनी मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी बंधनकारक केली हे चांगले झाले. पण पोलिसांचा दाखला गुन्ह्यांविषयी सांगतो, चौकशी समितीने काय ठरवले ते सांगत नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, परंतु ती तपास यंत्रणांसाठी आहे, मुख्याध्यापकांसाठी नाही.

याच उणिवेचा दुसरा पैलू मला इंग्लंडमध्ये दिसला. परदेशात शिकवलेल्या उमेदवाराकडून त्या देशातील पेशाच्या नियामक संस्थेचे पत्र घ्यावे, असे शाळांना सांगितलेले आहे. भारतातून, आता तर महाराष्ट्रातूनही, गणित आणि विज्ञानाचे शिक्षक येथे अर्ज करतात. शिक्षकांची वैयक्तिक नोंद ठेवणारी आणि ती काढून घेऊ शकणारी संस्थाच आपल्याकडे नसल्याने त्यांच्या फाइलमध्ये पोलिसांचा दाखला आणि आधीच्या मुख्याध्यापकांचे गोल अक्षरातील अनुभव प्रमाणपत्र, एवढेच येते. इंग्लंडची यादी अशा माणसाविषयी गप्प असते, आणि ते स्वाभाविकही आहे. अर्धा गुण मी येथे कापते, कारण या गप्प राहण्याचा अर्थ पडद्यावर कोठेही समजावलेला नाही.

दुसरा अर्धा गुण वेळेसाठी. निर्णयांत दोषसिद्धीची तारीख आणि पॅनेलच्या बैठकीची तारीख दोन्ही असतात. त्यांतील अंतर कधी काही महिन्यांचे, कधी वर्षाहूनही अधिक असते. मधल्या काळासाठी अंतरिम मनाईची सोय आहे आणि बालकांविरुद्धच्या गंभीर गुन्ह्यांत गुन्हेगारी नोंदी तपासून दाखले देणाऱ्या डीबीएस नावाच्या वेगळ्या सरकारी संस्थेची प्रतिबंधित यादीही असते, त्यामुळे असा माणूस तोवर वर्गात उभा असतो असे नाही. ती डीबीएसची यादी मात्र जाहीर नसते आणि तिच्यामागची कारणे कोणाला वाचता येत नाहीत. शिवाय शाळेच्या सहलीचे पैसे खाणाऱ्या किंवा मोठी फसवणूक करणाऱ्या शिक्षकाचा प्रश्न प्रामुख्याने पेशाच्या प्रामाणिकपणाचा असतो, आणि तो तोलण्याची जागा पॅनेल हीच आहे. शिक्षणाच्या दृष्टीने तोही गंभीर गुन्हाच आहे, हे या निर्णयांतून नीट उमजते.

उरलेला अर्धा गुण मी वैयक्तिक कारणाने कापला असे कोणी म्हटले तर नाकारणार नाही. दर शनिवारी एका सभागृहात आम्ही काही जण मराठीचा वर्ग चालवतो. पस्तीसेक मुले असतात, बाराखडीपासून निबंधापर्यंत सगळे शिकवले जाते, आणि शिकवणारे सर्व स्वयंसेवक. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी शिकवण्याची तयारी दाखवली. पूर्वी येथील शाळेत शिक्षक होतो, म्हणाले. एका मुलाची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, तुम्ही शाळेतच आहात ना, मग सोमवारी एकदा त्यांचं नाव टाकून बघा की.” मी नाही म्हटले, आणि ते तिला आवडले नाही. शाळेचे खाते शाळेच्या भरतीसाठी आहे. ते दुसऱ्या कामासाठी उघडणे म्हणजे ज्या विश्वासावर ही सेवा उभी आहे तोच मोडणे होय. आमचा वर्ग कायद्याच्या व्याख्येत शाळा नाही. त्याहून अवघड गोष्ट अशी की मनाईचा आदेश शाळा, सिक्स्थ फॉर्म महाविद्यालये (म्हणजे सोळा वर्षांपुढच्या विद्यार्थ्यांची), बालगृहे आणि तरुणांसाठीच्या बंदिस्त निवासांपुरता आहे. शनिवारचे वर्ग आणि खासगी शिकवण्या त्याच्या बाहेर राहतात. ज्याला इंग्लंडमधील कोणत्याही शाळेत शिकवण्यास बंदी आहे, त्याला माझ्या सभागृहात मराठी शिकवण्यापासून तो आदेश रोखत नाही.

मग आम्ही सार्वजनिक मार्गानेच गेलो. संकेतस्थळावरील जाहीर निर्णयांत नाव शोधले, ते कोणीही शोधू शकते. एका मध्यस्थ संस्थेमार्फत डीबीएसचा सविस्तर दाखला प्रतिबंधित यादीसह मागवला, ज्याचे सरकारी शुल्क स्वयंसेवकांना पडत नाही. आणि पूर्वीच्या दोन शाळांना मी स्वतः फोन केले. त्या गृहस्थांनी सगळे आनंदाने करू दिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. दाखला यायला पाच आठवडे लागले. तोवर ते वर्गात दुसऱ्या शिक्षिकेच्या शेजारी बसून मुलांची शुद्धलेखनाची वही तपासत राहिले, एकटे नाही. आता शनिवारच्या हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर मी शाळेच्या वहीसारखेच रकाने आखले आहेत: दाखल्याची तारीख, फोन कोणाला केला, जाहीर निर्णय पाहिले ती तारीख. ‘मनाई नाही’ हा रकाना मात्र आखलेला नाही, कारण तो भरण्याचा अधिकार आम्हाला अजून कोणी दिलेला नाही.