जुन्या विमानांचं प्लास्टिक आणि पातळ सिमेंटची एक बाटली: आठ महिन्यांनंतर

दिवाळीत मागवलेल्या 40 मिलीच्या बाटलीत आता बोटभर सिमेंट (प्लास्टिकची मॉडेलं जोडायचं पातळ द्रावण) उरलंय, म्हणून लिहायला बसलो. आमचं गाव दारव्ह्याजवळ, त्यामुळे असलं सामान कुरियरनेच येतं. पहिली बाटली सैल झाकणाची आली, निम्मी वाटेतच उडून गेलेली. बदलून मिळायला अकरा दिवस लागले.

मामांच्या पेटीत प्लास्टिकची तीन मॉडेल विमानं होती. त्यातलं एअरफिक्स कंपनीच्या किटमधलं, खऱ्याच्या 1/72 आकाराचं नॅट हे लढाऊ विमान त्यांच्या जिवाचं. डिसेंबर 1971 मध्ये श्रीनगरवर हवाई दलाचे निर्मलजितसिंग सेखों नॅटच घेऊन उडाले होते. मामांच्या नॅटचा उजवा पंख मुळाशी तुटलेला आणि शेपटीचा टवका गायब.

सिमेंट झकास आहे, पण फक्त पॉलिस्टायरिनसाठी, म्हणजे किटच्या कडक प्लास्टिकसाठी. ते गोंदासारखं चिकटत नाही; दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. प्लास्टिक दुसरं असलं की नुसतं पाणी लावल्यासारखं. जत्रेतल्या मऊ विमानावर मी दोन दिवस कपड्यांचे चिमटे लावून ठेवले. चिमटे काढले आणि पंख हातात.

तेव्हापासून आधी ग्लासची परीक्षा. तुटलेला बारीक तुकडा साबणाने धुवायचा, रंग खरवडायचा आणि साध्या पाण्यात सोडायचा. पॉलिथिन तरंगतं. बुडाला तर पाण्यात चार चमचे मीठ विरघळवायचं. पॉलिस्टायरिन वर येतं. तुकड्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा बोटाने पुसून टाका, नाहीतर फसाल. मी फसलो. एबीएस हे दुसरं कडक प्लास्टिकही मिठाच्या पाण्यात वर येतं, म्हणून शेवटी आतल्या बाजूला सिमेंटचा एक थेंब: मिनिटभरात बोटाला चिकट लागलं की पुढे जायचं.

तिसरं विमान मिठाच्या पाण्यातही तळाशीच बसलं. पापडासारखं वाकलेलं, आणि डबा उघडताच व्हिनेगरचा वास. ते सेल्युलोज अ‍ॅसिटेट. फ्रॉग या ब्रिटिश कंपनीची 1936 ची पेंग्विन मॉडेलं याच प्लास्टिकची. हे आतून सडतं आणि त्याची आम्लाची वाफ बाकीच्यांनाही बाधते. मी ते वेगळ्या, हवेशीर खोक्यात ठेवून दिलं. दुरुस्ती नाही.

नॅटचा पंख जुळला. जुन्या गोंदाचे खडे 400 च्या वॉटर पेपरने घासले, पंख जागेवर बसवून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि फटीवर ब्रशचं टोक टेकवलं. सिमेंट आपोआप आत ओढलं गेलं. चोवीस तास हात लावला नाही. टवक्यासाठी किटचे भाग ज्या सांगाड्याला जोडलेले येतात त्याच्या काड्या बारीक कापून थोड्या सिमेंटमध्ये भिजत घातल्या. दोन दिवसांत चीक तयार. तो थर थर करून भरला, कारण वाळताना आकसतो. घाईत घासला तर खड्डा पडतो.

वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला मात्र हे सिमेंट लावू नका, झटपट चिकटणारा सुपरग्लूही नको. त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं बसतं. फेव्हिकॉल पुरे.

आता खरी तक्रार: उन्हाळा. मे महिन्यात पारा 44 वर, ब्रश बाटलीतून फटीपर्यंत नेईतो सुकलेला. कूलरच्या झोतात तर विचारूच नका, तो बंदच करावा लागतो. मी पहाटे पाचला ओसरीत बसतो आणि बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवतो. चुलीपासून लांब, पेट घेतं हे. आईचं रोजचं एकच: "अरे, त्या बाटलीचा वास घरात नोको करू, बाहीर जाय."

किंमत खटकते, पण दुसरी बाटली मागवली आहे. या वेळी झाकणाला टेप लावून पाठवा, असं ऑर्डरमध्येच लिहिलंय. नॅटचं पुढचं चाक अजून सापडलेलं नाही. धान्याच्या कोठीमागे गेलं असावं, आणि कोठी तुरीने भरलेली आहे.