बाइकचा जीपीएस ट्रॅकर: चोरापेक्षा ओळखीच्यांसाठीच जास्त उपयोगी

मी 4 स्टार देतोय. घेतला होता चोरीच्या भीतीने, पण कामाला आला तो ओळखीच्याच पोराने दुसरी चावी उचलून बाइक नेली तेव्हा, आणि पोरगा अजून अठराचा पण नाही. इग्निशन ऑन झालं की लगेच मोबाइल वाजतो, गाडी कुठून गेली, कुठे थांबली, स्पीड किती, सगळं ॲपवर दिसतं, मी तिथल्या तिथे फोन लावून गाडी बाजूला घ्यायला लावली.

त्याचं म्हणणं, "परत आणून लावणारच होतो ना काका". अरे पण कायद्यात हे चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 197 यासाठीच आहे, मालकाला न विचारता गाडी नेली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही (2019 च्या दुरुस्तीआधी दंड 500 होता). विचारलं असतं तर मालक हो म्हणालाच असता असं वाटायला खरंच कारण होतं हे कोर्टाला पटलं तर सुटतो माणूस. पण चोरीचं कलम लागलं तर 3 वर्षांपर्यंत जाऊ शकतं, आणि चोरी म्हणजे वस्तू कायमची ठेवून घेणंच असं नाही. 1957 मध्ये के. एन. मेहरा खटल्यात हवाई दलाच्या कॅडेटने परवानगी नसताना ट्रेनिंगचं विमान उडवत नेलं होतं, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हेतू अप्रामाणिक असेल तर थोड्या वेळासाठी नेलं तरी ती चोरीच.

मालकांनो, तुम्ही पण जपून. अल्पवयीन पोराने मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केला तर त्याच कायद्याच्या कलम 199अ खाली पालक किंवा गाडीमालकावर येतं, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, वर गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द. मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती हे आपणच दाखवून द्यायचं असतं. तिथे ट्रॅकरचा रेकॉर्ड कामाला येईल, पण अलर्ट येऊनही गप्प बसलात तर तोच रेकॉर्ड अंगाशी येईल हे पक्कं ध्यानात ठेवा, म्हणून नोटिफिकेशन म्यूट करू नका.

बेसमेंट पार्किंगमध्ये रेंज जाते. इंजिन बंद करायचं बटण आहे पण चालत्या गाडीवर प्लीज वापरू नका, पोरगा पडेल. एक स्टार कापला कारण जुनी हिस्टरी ॲपमधून आपोआप उडते आणि तक्रार करायची वेळ आली तर तीच लागते, स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा.